पत्नीच्या पर्समधील पिस्तूल : कायदा, निवड आणि वास्तव

रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेले असतात. हिंजवडीतील कार्यालयातून निघालेली पत्नी बाह्यवळण मार्गाने दुचाकीवर येत असते. तिचा मोबाईल लागत नाही आणि वारज्यातील सदनिकेच्या गच्चीत उभ्या असलेल्या नवऱ्याच्या मनात नको ते विचार येऊ लागतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये बोपदेव घाटातील सामूहिक बलात्काराने आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाही बसमधील अत्याचाराने पुणे हादरले. त्या दिवसांत हा विषय अनेक घरांत जेवणाच्या ताटावर निघाला. पर्समध्ये मिरीचा फवारा ठेवावा, स्वसंरक्षणाचा वर्ग लावावा, अशा सूचनांबरोबर कोणीतरी हळूच विचारतो, ‘एखादे छोटे पिस्तूल का घेऊ नये?’

प्रश्न विचारायला सोपा आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून त्याचे उत्तरही लगेच मिळते. तिथे वजनाने हलक्या, कपड्यांआड लपणाऱ्या पिस्तुलांची मोठी बाजारपेठ आहे आणि बायकोसाठी कोणते घ्यावे, यावर नवरेमंडळी तासन् तास चर्चा करतात. जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर शस्त्र बाळगणे हा घटनादत्त अधिकार असल्याचा निर्वाळा दिला आणि निम्म्याहून अधिक राज्यांत तर त्यासाठी परवान्याचीही गरज उरलेली नाही. भारतात चित्र याच्या नेमके उलट आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, अमेरिकेप्रमाणे आपल्याकडे शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही, याकडे आवर्जून लक्ष वेधले होते. त्यामुळे अमेरिकेतील मेहुण्याने सुचवलेले नाव घेऊन पुण्यातील शस्त्रविक्रेत्याकडे जाण्यात काहीच अर्थ नसतो. ते पिस्तूल बहुधा इथे मिळत नाही आणि मिळाले तरी बाळगता येत नाही.

अर्ज कोणी करायचा?

पहिला गैरसमज येथेच होतो. नवऱ्याकडे परवाना आहे, मग पिस्तूल त्याच्या नावावर घेऊन बायकोच्या पर्समध्ये ठेवले तर काय बिघडले, असे अनेकांना वाटते. बिघडते बरेच. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना व्यक्तीचा असतो, कुटुंबाचा नसतो. परवानाधारकाच्या सोबत असताना किंवा त्याच्या लेखी संमतीने दुसऱ्याला शस्त्र नेता येते, पण ते दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा खुद्द परवानाधारकाच्याच वापरासाठी. पत्नीने स्वतःच्या संरक्षणासाठी ते रोज जवळ बाळगणे यात बसत नाही. विनापरवाना शस्त्र जवळ सापडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावासाची तरतूद आहे. जिच्या काळजीने हा उद्योग केला, तीच आरोपी ठरायची.

तेव्हा अर्ज पत्नीनेच करायचा. तिचे वय २१ वर्षे पूर्ण असले पाहिजे. पुणे शहरात परवाना देण्याचा अधिकार पोलिस आयुक्तांना आहे. आयुक्तालयाच्या हद्दीबाहेरील ग्रामीण भागात तो जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. वारज्यातील अर्जदार शहर आयुक्तालयाच्या हद्दीत येतो, त्यामुळे प्राथमिक चौकशी वारजे माळवाडी पोलिस ठाण्याकडून होते. अर्ज ‘ए-१’ नमुन्यात आणि ऑनलाइन भरायचा असतो. त्यासोबत मानसिक व शारीरिक तंदुरुस्तीचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. शस्त्र नियम, २०१६ आल्यापासून शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही आवश्यक झाले आहे. घरात शस्त्र कुलूपबंद ठेवण्याची सोय असल्याची हमी द्यावी लागते. पोलिसांचा अहवाल तीस दिवसांत यावा आणि तो आल्यावर साठ दिवसांत निर्णय व्हावा, असे नियम सांगतात. नियमांतील दिवस आणि सरकारी कार्यालयांतील दिवस यांची लांबी सारखी नसते, हे पुणेकरांना नव्याने सांगायला नको.

खरी कसोटी कागदपत्रांची नसतेच. ‘शस्त्र कशासाठी हवे?’ या एका रकान्यात अर्ज अडतो. व्यवसायाच्या, नोकरीच्या स्वरूपामुळे किंवा अन्य कारणाने जीविताचे वा मालमत्तेचे रक्षण करण्याची खरोखर गरज असलेली व्यक्ती, नेमबाजीच्या क्लबमध्ये किमान दोन वर्षे सक्रिय असलेला खेळाडू आणि अशी गरज असलेले सैन्यदलांतील व पोलिसांतील आजी-माजी कर्मचारी यांच्या अर्जांचा विचार करावा, असे नियमांत म्हटले आहे. ‘रात्री उशिरा घरी येते’ एवढे कारण पुरेसे ठरण्याची शक्यता कमी. पाठलाग, धमकी, पूर्वी दिलेल्या तक्रारी, दागिन्यांची किंवा रोख रकमेची नियमित ने-आण असे काही कागदावर असेल, तर अर्जाला वजन येते. नावावर पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून मात्र परवाना नाकारता येत नाही. कायद्याने तसे स्पष्टच बजावले आहे. गृहिणी असलेल्या अर्जदाराने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

परवाना नाकारला तर कारणे लेखी मागता येतात आणि तीस दिवसांच्या आत अपील करता येते. आयुक्तांच्या आदेशाविरुद्धचे अपील राज्य शासनाकडे जाते. या वाटेने काय काय होऊ शकते, याची चर्चा ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यभर झाली. कोथरूडमधील एका कुख्यात गुंडाच्या भावाला पुणे पोलिसांनी नाकारलेला परवाना गृहराज्यमंत्र्यांपुढील अपिलात मंजूर झाल्याचे तेव्हा उघड झाले आणि मोठा वाद उठला. साध्या घरातील स्त्रीने वर्षभर हेलपाटे घालावेत आणि गुंडाच्या घरात शस्त्र कायदेशीर मार्गाने पोचण्याची वेळ यावी, हा विरोधाभास वारजे-कोथरूडकरांना बोचल्याखेरीज राहिला नाही.

दुकानात काय मिळते?

परवाना हाती आला, असे गृहीत धरू. आता निवडीचा प्रश्न येतो आणि येथे पर्याय फार नाहीत. लष्कर आणि पोलिस वापरतात त्या ९ मिलिमीटरच्या, तसेच पॉइंट ३८ आणि पॉइंट ४५ या सेवेतील काडतुसांची पिस्तुले व रिव्हॉल्व्हर सर्वसामान्यांसाठी निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी जवळ असल्याने वारजे-शिवणे पट्ट्यात लष्करातून निवृत्त झालेली कुटुंबे आहेत. अशा घरातील पतीला स्वतःच्या हातात मुरलेले ९ मिलिमीटरच आठवते. पत्नीच्या नावावर ते घेता येत नाही, हे त्याला दुकानदाराने सांगावे लागते. दुसरी अडचण आयातीची. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींसाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद आहे आणि सवलत मिळते ती नामांकित नेमबाजांना. परिणामी बाजारात येणारी परदेशी पिस्तुले म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी आलेली, हस्ते परहस्ते फिरलेली जुनी शस्त्रे. त्यांच्या किमती लाखांत जातात आणि त्यात नावाचे मोल अधिक असते. पॉइंट २५ बोअरची तळहातात मावणारी जुनी बेल्जियन पिस्तुले दिसायला देखणी असतात. मात्र त्यांची काडतुसे सहज मिळत नाहीत आणि सराव न झालेले शस्त्र दागिन्यासारखे कपाटातच राहते.

राहता राहिले पॉइंट ३२ आणि पॉइंट २२. पॉइंट ३२ मध्येही एक गोम आहे. रिव्हॉल्व्हरचे पॉइंट ३२ आणि पिस्तुलाचे पॉइंट ३२ ही दोन वेगवेगळी काडतुसे असून एकाचे दुसऱ्यात चालत नाही. परवान्यावर जे नोंदलेले असेल तेच मिळते. देशी काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे ठोकलेली असतात. ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण होय. १८६९ मध्ये सुरू झालेला हा कारखाना वारज्यापासून फार दूर नाही. पण वारजेकराला काडतूस मिळते ते परवान्यावर नोंद करूनच.

शस्त्रांपैकी ‘निर्भीक’ हे नाव सर्वाधिक गाजले. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने खास महिलांसाठी म्हणून हे सहा गोळ्यांचे पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. टायटॅनियम मिश्रधातूमुळे वजन अवघे ५०० ग्रॅम, आणि दागिन्यांच्या पेटीसारखी मखमली पेटी. किंमत त्या वेळी सुमारे एक लाख २२ हजार रुपये होती. ज्या देशात हजारो स्त्रिया सार्वजनिक स्वच्छतागृहाअभावी अंधारात बाहेर जातात, तिथे सव्वा लाखाचे रिव्हॉल्व्हर कोणाच्या संरक्षणासाठी, अशी टीका तेव्हाच झाली आणि ती चुकीची नव्हती. त्याच सुमारास पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्याने ‘निडर’ हे पॉइंट २२ चे, अवघ्या २५० ग्रॅम वजनाचे आणि पुष्कळ स्वस्त रिव्हॉल्व्हर काढले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडीत निघून त्याच्या सात कंपन्या झाल्या. त्यांपैकी छोटी शस्त्रे बनविणाऱ्या कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबळ’ हे नवे पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर आणले. वजन सुमारे ७०० ग्रॅम, मारक पल्ला ५० मीटर आणि काडतुसे भरण्याचे चक्र बाजूला उघडणारे. आधीची सरकारी रिव्हॉल्व्हरे जुन्या वेब्ली पद्धतीने मधून मोडून उघडावी लागत. खुद्द वेब्ली अँड स्कॉट ही इंग्लिश कंपनीही आता उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात संडिला येथे भारतीय भागीदारीतून उत्पादन करते. पिस्तुलांत ‘अशनी’ हे सरकारी कारखान्यांचे पॉइंट ३२ पिस्तूल अनेक वर्षे चालत आले आहे.

पन्नास मीटर पल्ल्याची जाहिरात वाचून हुरळण्याचे कारण नाही. स्वसंरक्षणाचा प्रसंग पार्किंगमधील दोन खांबांच्या अंतरात, लिफ्टच्या दारात किंवा गाडीच्या खिडकीशी घडतो. तेथे पल्ला कामाचा नसतो. चाप ओढल्यावर गोळी हमखास सुटते की नाही, एवढेच कामाचे असते.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

या ‘हमखास’पणाच्या कसोटीवर रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांतला जुना वाद समजून घ्यावा लागतो. पिस्तूल चपटे असते, पर्समध्ये किंवा कमरेला कमी जागा घेते, मॅगझीन बदलले की पुन्हा तयार. पण पहिली गोळी नळीत चढवण्यासाठी वरची स्लाइड मागे खेचावी लागते. तिची स्प्रिंग ताठ असते. अनेक स्त्रियांना, आणि खरे सांगायचे तर संधिवात जडलेल्या अनेक पुरुषांनाही, ती घाईत पूर्ण खेचता येत नाही. अर्धवट खेचली की काडतूस अडकते. मनगट ढिले पडले तर गोळी सुटल्यावर रिकामे आवरण बाहेर पडताना स्लाइडमध्ये अडकू शकते. मग स्लाइड झटकणे, मॅगझीन ठोकणे, पुन्हा प्रयत्न करणे असा सोपस्कार आला. ज्याने शेकडो वेळा सराव केला आहे त्याला हे डोळे मिटून जमते, वर्षातून एकदा दसऱ्याला शस्त्र बाहेर काढणाऱ्याला नाही. शिवाय सेफ्टीची कळ खाली आहे की वर, हे अंधारात आठवावे लागते.

रिव्हॉल्व्हरचे यंत्र जुनाट, पण सरळ. काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा. चक्र फिरून पुढचे काडतूस घोड्याखाली येते. भरलेले आहे की रिकामे, हे चक्र उघडताच दिसते. महिनोन् महिने पडून राहिले तरी त्यात ताणलेली स्प्रिंग नसते. तोटाही आहेच. घोडा आधी मागे न ओढता थेट चाप दाबायचा तर तो जड लागतो. देशी रिव्हॉल्व्हरांच्या जड चापाबद्दल परवानाधारकांची तक्रार जुनी आहे. बोटात जोर कमी असेल तर चाप ओढता ओढता नळीच हलते आणि चार पावलांवरचा नेमही चुकतो. वजनाचे गणितही उलटे असते. पर्ससाठी हलके शस्त्र बरे, पण शस्त्र जितके हलके तितका झटका अधिक. पॉइंट ३२ चा झटका मुळात सौम्य असल्याने ५०० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर सहन होते. पॉइंट २२ मध्ये झटका नगण्य, मात्र त्या काडतुसाच्या कडेला असलेली दारू पेटण्याची पद्धत अशी आहे, की फुसके निघण्याचे प्रमाण तुलनेने जास्त राहते आणि गोळीची ताकदही बेताची.

तेव्हा कमी सराव होणार असेल, तर पॉइंट ३२ चे रिव्हॉल्व्हर अधिक भरवशाचे, असे म्हणण्यास आधार आहे. नियमित सराव करणारीने पिस्तुलाचा विचार करावा. मात्र निर्णय तिच्या हाताने व्हायला हवा. मूठ तिच्या तळहातात पुरी बसते का, तर्जनीचे पेर चापापर्यंत सहज पोचते का, रिकामे शस्त्र सुरक्षित दिशेला धरून सलग दहा वेळा चाप ओढता येतो का, हे नवऱ्याला बघून कळत नाही. आपला हात मोठा, म्हणून आपल्याला आवडलेले शस्त्र बायकोच्या हातात देणे ही या खरेदीतील सर्वांत सामान्य चूक. साडी घेताना पत्नीला सोबत नेणारे गृहस्थ शस्त्र घेताना मात्र एकटे जातात! जुने शस्त्र घेताना चक्र बंद केल्यावर डगमगते का, नळीत गंज वा खड्डे आहेत का, हे शस्त्र दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडून तपासून घेतलेले बरे. काडतुसे वर्षानुवर्षे घामट पर्समध्ये ठेवल्यास फुसकी होऊ शकतात. ती ठरावीक काळाने सरावात संपवून नवी घ्यावीत.

सराव कुठे करायचा, हा पुण्यात तुलनेने सुटलेला प्रश्न आहे. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत नेमबाजीची रेंज आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसळे तेथे घडला. २५ मीटर पिस्तूल प्रकारात २०१८ च्या आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकणारी कोल्हापूरची राही सरनोबत ही नेमबाजीत असे सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला. पिस्तूल हे बाईच्या हातचे काम नाही, असे म्हणणाऱ्याने तिची कारकीर्द पाहावी. अर्थात स्पर्धेतला नेम आणि धास्तावलेल्या क्षणीचा नेम यांत फरक असतोच. तरीही ज्या घरात ‘एअर पिस्तुला’वरही सराव झालेला नाही, त्या घराने पॉइंट ३२ ची घाई करू नये.

लपवायचे, पण कुठे?

शस्त्र लपवून बाळगणे हा अमेरिकेत वेगळ्या परवान्याचा विषय होता आणि काही राज्यांत आजही आहे. आपल्याकडे गंमत अशी, की लपवणे हीच अट आहे. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावे, असे २०१६ चे नियम सांगतात. कमरेला लावून मिरवणे, दाखवून धाक घालणे हे परवान्यावर गदा आणणारे आहे. मुळशी तालुक्यातील जमिनीच्या वादात एका महिलेने पिस्तूल रोखल्याची चित्रफीत जुलै २०२४ मध्ये राज्याने पाहिली. पौड पोलिसांनी गुन्हा नोंदवला, तिला अटक झाली आणि परवाना रद्द का करू नये, अशी नोटीसही निघाली.

आता वारज्यातील स्त्रीचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. ती दुचाकीवर आहे. तोंडाला स्कार्फ, दोन्ही हात हँडलवर, पर्स डिकीत किंवा पाठीमागे सरकलेली. साडी किंवा कुर्त्यावर होल्स्टर अडकवायला पट्टा नाही. म्हणजे शस्त्र पर्समध्येच जाणार. त्या पर्समध्ये किल्ल्या, कंगवा, चार्जर आणि सुटे पैसे आहेत. चापात किल्ली अडकली तर काय होईल, याची कल्पनाही करवत नाही. त्यासाठी चाप पूर्ण झाकणारे कडक आवरण आणि फक्त शस्त्रासाठी वेगळा कप्पा लागतो. त्यापेक्षा मोठा धोका निराळाच आहे. आपल्या रस्त्यांवर चोरट्यांचा डोळा गळ्यावर आणि पर्सवर असतो. मोटारसायकलवरून आलेल्याने पर्स हिसकावली, तर त्याच्या हाती भरलेले रिव्हॉल्व्हर पडते आणि निष्काळजीपणाचा जाब परवानाधारक महिलेला द्यावा लागतो.

ती कार्यालयात पोचते. प्रवेशद्वारावर बॅग तपासली जाते, शस्त्र आत नेता येत नाही. मग नऊ तास ते कुठे ठेवायचे? डिकीत ठेवणे म्हणजे बेवारस सोडणेच. संध्याकाळी मुलाच्या शाळेत पालकसभा असते. शैक्षणिक संस्थेच्या आवारात शस्त्र नेण्यास परवान्याच्या अटींनुसार मनाई. गणेश विसर्जनाची मिरवणूक, पालखी सोहळा, जत्रा, सभा येथेही मनाई. अशा रीतीने आठवड्यातील बहुतेक वेळ शस्त्र घरातल्या कुलपातच राहते आणि ज्या रस्त्यासाठी ते घेतले तिथे नसते.

गोळी कधी झाडता येते, याबद्दलही समज स्पष्ट असावा. भारतीय न्याय संहितेने १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा घेतली, पण खासगी संरक्षणाच्या हक्काचा गाभा तोच आहे. मृत्यू वा गंभीर इजेची रास्त भीती, बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या हेतूने केलेला हल्ला, ॲसिड हल्ला अशा प्रसंगी हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत प्रतिकार करता येतो. बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा मात्र करता येत नाही. सोनसाखळी हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडली, तर हा हक्क मदतीला येणे कठीण. नव्या संहितेनुसार हिसकावणे हा चोरीचाच प्रकार आहे आणि पळत सुटलेला चोर आता जिवावर उठलेला नसतो. गल्लीत चुकलेली गोळी कोणाच्या खिडकीत शिरेल, हे तर निराळेच.

घरातले उत्तर

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. पत्नीसाठी पिस्तूल शोधणाऱ्या पतीच्या मनात धोका नेहमी बाहेरचा असतो. कॅलिफोर्नियातील लाखो प्रौढांच्या नोंदी बारा वर्षे तपासून स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वेगळे सांगतो. स्वतःकडे शस्त्र नसलेल्या, पण घरात शस्त्र बाळगणाऱ्यासोबत राहणाऱ्या व्यक्तींचा घरातच जोडीदाराच्या गोळीने मृत्यू होण्याचे प्रमाण, शस्त्र नसलेल्या घरांतील लोकांच्या तुलनेत सातपट होते आणि अशा बळींत ८४ टक्के स्त्रिया होत्या. अनोळखी माणसाकडून होणाऱ्या हत्यांपासून घरातील शस्त्राने संरक्षण मिळाल्याचे त्या अभ्यासात दिसले नाही. अमेरिका आणि पुणे यांत फरक आहे, हे मान्य. पण जुलै २०२३ मध्ये बाणेरच्या घरी आलेल्या एका सहायक पोलिस आयुक्ताने पत्नीला आणि पुतण्याला गोळ्या घालून स्वतःचे जीवन संपवले, हे पुणेकर विसरलेले नाहीत. शस्त्राचे पूर्ण शिक्षण घेतलेल्या माणसाचे ते घर होते.

म्हणून परवाना पत्नीच्या नावावर असेल, तर तिजोरीची किल्ली वा आकडाही तिच्याकडेच असला पाहिजे. कायद्याची अपेक्षा तीच आहे. ज्या घरात नवरा दारूच्या नशेत हात उगारतो, तिथे शस्त्र आणण्याचा विचार मुळातच बाद. तिथे गरज पडल्यास ११२ क्रमांक आणि माहेरचे दार अधिक उपयोगाचे. मिरीच्या फवाऱ्याला परवाना लागत नाही, तो हँडलच्या बाजूच्या कप्प्यात मावतो आणि चुकून उडाला तरी कोणी मरत नाही.

परवाना मिळत नाही, म्हणून आडमार्ग शोधणाऱ्यांची वाट शेवटी सातपुड्यात जाते. जळगाव जिल्ह्याच्या सीमेलगत, मध्य प्रदेशातील उमर्टी गावच्या भट्ट्यांतून निघालेली गावठी पिस्तुले पुण्याच्या टोळ्यांपर्यंत पोचत होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी थेट तेथे जाऊन त्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. असे पिस्तूल भरवशाचे आहे का, हा प्रश्नच फिजूल आहे. ते समोरच्याकडे रोखले तरी नळी हातात फुटू शकते आणि ते पकडले गेले की तुरुंग ठरलेला.

परवाना मिळून शस्त्र घरात आलेच, तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. २०१९ पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती. निवडणुकीची आचारसंहिता लागली, की छाननी समिती ठरवील त्या परवानाधारकांना आपले शस्त्र पोलिस ठाण्यात जमा करावे लागते. लोकसभा, विधानसभा आणि जानेवारी २०२६ ची महापालिका निवडणूक धरली, तर दोन वर्षांत तीन वेळा हा प्रसंग आला. ज्यांना असा आदेश मिळतो, त्यांच्या घरातील तिजोरी त्या काळात रिकामी असते. जमा केल्याची पावती तेवढी जपून ठेवायची, कारण आचारसंहिता उठल्यावर शस्त्र परत घेताना तीच दाखवावी लागते.